तळघरातली भर

ही घटना खरी आहे. शपथ घेत नाही. शपथेवर सांगितलेल्या गोष्टींचं काय होतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

रात्रही नव्हती. भर दुपार होती. भुतांनाही हल्ली वेळेचं भान राहिलेलं नाही.

समुद्राकडे उतरणारा घरचा छोटा द्राक्षमळा. घराखाली तळघर. तिथे पांढऱ्या वाइनचं एक मोठं लाकडी पिंप. त्याच्यावर घराचं वर्ष निघायचं.

लाकूड थोडी वाइन पितं. पातळी उतरली की वरून भर घालावी लागते, नाहीतर हवा लागून सगळा माल आंबतो. हे काम घरातल्या थोरल्या सुनेचे सासरे करत. ते गेल्यावर धाकट्या दिराकडे आलं.

सुनेचा संशय असा, की लाकडापेक्षा दीरच जास्त पितो.

“भावजी, भर पिंपात घालता की पोटात?”

“वहिनी, तोंडाचा वास घ्या हवं तर!”

तिने घेतला. नुसता लसूण. संशय आणखी वाढला.

तिने दिराला शहरात पिटाळलं. पिंपाची पातळी बोटभर खाली होती. बुचावर मेण ओतून तिने अंगठा उमटवला. भरीचा बुधला स्वतःच्या कपाटात ठेवला. तळघराला कुलूप घातलं.

नवरा म्हणाला, “बरं.” लग्नापासून तो एवढंच म्हणत आलाय.

पंधरवड्याने ती खाली उतरली.

कुलूप तसंच. मेण तसंच. अंगठाही तिचाच.

तिने बूच काढलं...

पिंप काठोकाठ भरलेलं होतं.

चोरून नेणारा समजू शकतो. पण चोरून भरणारा?

ती बघत उभी राहिली. आणि तिच्या डोळ्यांदेखत, आवाज न करता... वाइन उतू गेली.

तिने दिराला फोन लावला.

“वहिनी, खरं सांगू? बाबा गेल्यापासून मी भर घातलीच नाही. पातळी उतरायची, पण पुन्हा जाऊन बघावं तर पिंप भरलेलंच.”

“मग भरीची वाइन?”

“ती मी प्यायलो.”

तिचा संशय खरा निघाला. आयुष्यात पहिल्यांदाच तिला त्याचा आनंद झाला नाही.

“पण भावजी, भरतंय कोण?”



“कोण ते सोडा, वहिनी. काय भरतंय?”

माल विकला. न विकण्याचं कारण सांगणार कोणाला? गिऱ्हाइकं चवीवर खूश आहेत. पिंप अजून रिकामं झालेलं नाही. दिराने पिणं सोडलंय.

नव्या बाटल्या देताना ती दुकानदाराला सहज विचारते,

“मागच्या वेळी घेऊन गेलेली माणसं... परत आली ना?”