पँगहून येणारं विमान

रीपाचं लग्न उद्यावर आलं, आणि तिने वर्षभर खपून शिवलेली कॅरिबूच्या कातड्याची आमौती, म्हणजे पाठीवर बाळ वागवता येईल असा बायकांचा झगा, सकाळी समाजमंदिरात तुकडे होऊन पडलेली सापडली. गावाने गुन्हेगारही ठरवून टाकला: मीका, नवऱ्यामुलाची जुनी मैत्रीण. दुपारच्या विमानाने तिने गाव सोडावं, असं रीपाच्या काकांनी बजावलं. मीकाची आई घरात अंथरुणाला खिळलेली होती.

मीका धावली ती ऊलीपीकाकडे. ऊलीपीका पूर्वी पोलिसात होती, आता लोकांच्या खासगी भानगडी सोडवायची. सोबत भाचा जोआव्ही, मनाने चांगला, डोक्याने सावकाश.

"जळले मी, खोटं कशाला बोलू?" मीका म्हणाली. "पण आमौतीला हात लावला नाही. मला साधं बटण लावता येत नाही."

"जळली म्हणते, मग झालं की," जोआव्ही पुटपुटला.

समाजमंदिराला कुलूप कधीच नसायचं. ऊलीपीकाने एकेक तुकडा उलटून पाहिला. कातड्यावर ओरखडाही नव्हता, शिवण तेवढी टाका-टाका उसवलेली होती.

शेगडीपाशी म्हातारी कूपा करवादत होती. पँग गावातल्या बहिणीने या खेपेला एक मासाही पाठवला नाही. विमानतळावर ईवीला विचारलं, तर तिने रिकामे हात दाखवले.

ईवी म्हणजे रीपाची थोरली बहीण, पँगला दिलेली, शिवणकामात तिथे नावाजलेली. गावोगावहून आलेल्या लग्नाच्या पाहुण्यांनी विमानतळाची एकुलती खोली सकाळी भरून गेली होती, तिथेच ती सगळ्यांना भेटली. चेहरा रापलेला, डोळ्यांभोवती तेवढा गोरा.

"विमानाने अर्ध्या-पाऊण तासाचा तर प्रवास. बसले नि उतरले," ती म्हणाली. मीकाला आधी हाकला, असंही तिने सुनावलं.

ऊलीपीकाने काका, मीका आणि दोघी बहिणींना बसवून घेतलं.

"ईवी, तू विमानाने आलीच नाहीस."

"सगळ्यांनी पाहिलंय तिला," काका म्हणाले.

"विमानतळावर पाहिलंय, विमानातून उतरताना नाही. आपल्याकडे कुणी तिकीट काढलं की गावभर बोभाटा होतो, तिकडच्या नातेवाइकांना न्यायला दारात माशांची खोकी येऊन पडतात. लग्नाला निघालेल्या बाईकडे पँगने काहीच दिलं नाही, कारण ती निघाल्याचं पँगला माहीतच नव्हतं. ईवी, काल दिवसभर डोंगरातल्या खिंडीतून, बर्फावरून स्नोमोबाईल हाकत आलीस. उन्हाने तोंड रापलं, गॉगलखालचं तेवढं वाचलं. रात्री शिवण उसवलीस आणि सकाळी गर्दीत मिसळलीस. रागावलेल्या मीकाने सुरी चालवली असती. शिवणाऱ्या बाईला कातडं कापवलं नाही. सकाळचाच पायलट आता परत येईल, त्याला विचारू, की तूच सांगतेस?"

ईवीने कातड्याचा तुकडा उचलून मांडीवर घेतला.

"सुई आधी मी धरली," ती रीपाला म्हणाली. "आणि मरताना आईने आमौतीचा साचा दिला तुला. त्याच साच्यावरची आमौती घालून तू गावभर मिरवणार. मला ते पाहवलं नसतं."

रीपाने बहिणीच्या मांडीवरचा तुकडा हातात घेतला.

"दिला नव्हता, ताई. तुझ्यासाठी बांधून ठेवला होता. मीच लपवला. शेवटपर्यंत ती तुझंच नाव घेत होती, आणि उशाशी मी बसले होते."

बाहेर विमान उतरल्याचा आवाज आला. काका मीकाशी काहीतरी बोलायला गेले, पण ती थांबली नाही. घरी तिच्या आईच्या जेवणाची वेळ टळून गेली होती.