झऱ्याचं पाणी कोण पिणार?

कल्पना करा, दिवाळीची सुट्टी लागली आहे. तुम्ही कार्ल्याच्या डोंगराखाली उभे आहात. समोर इंद्रायणी भात पिवळंधमक झालंय आणि वास असा सुटलाय, की कुणी शेतातच चुलीवर भात शिजत ठेवलाय! आता त्या शेतात पाऊल टाका. चुबुक! गेला की नाही पाय घोट्यापर्यंत चिखलात? वर तर कडकडीत ऊन. आठवडाभर पावसाचा टिपूस नाही. मग हा चिखल आला कुठून?

सुट्टीत आजोबांकडे आलेल्या तळेगावच्या प्रेरणालाही हाच प्रश्न पडला. पण तिची चप्पल रुतून बसली होती, त्यामुळे आधी ती चप्पल शोधत होती.

"घावली का गं?" बांधावरून तिचा चुलतभाऊ संदेश खिदळला. "ऱ्हाऊ दे तितंच. पुढल्या साली चपलांचं पीक येईल!"

"मग पहिला जोड तुझ्या पाठीत!" प्रेरणा म्हणाली. तिचा धाकटा भाऊ श्रीयश हसून हसून लोळायचा बाकी राहिला.

आजोबा मात्र हसले नाहीत. बजरंगआबांनी हातातला विळा खांद्याला अडकवला आणि खाली लोळलेली एक लोंबी उचलून मुलांना दाखवली. दाण्यांमधून बारीक पांढरे कोंब डोकावत होते.

"पान्यात पडलेला दाना असा रुजतो. मग त्यो ना खायचा, ना इकायचा," आबा म्हणाले. "शनवारी पाऊस हाय म्हनं. त्याआधी कापून, उन्हात वाळवून घरात न्यायला पायजे. पर चिखलात कापून ठिवू कुटं?"

"पण आबा, पाणी येतंय कुठून?"

"यंदा पाऊस लय रेंगाळला. डोंगरानं पोटात धरलेलं पानी आता झऱ्यावाटं पाझरतंय. हवामानच फिरलंय, पोरी! कुनाला बोल लावायचा?"

आबा मान खाली घालून घराकडे निघाले. वर्षभराच्या भाताकडे पाठ फिरवून जाणारे आबा प्रेरणाला बघवेनात. आणि एक गोष्ट तिला खटकत होती. सकाळी ती आली तेव्हा इथे नुसता ओलावा होता. दुपारी पाणी कसं साचलं?

दुसऱ्या दिवशी तिघांनी चिवड्याचा डबा घेऊन उंबराखाली पहारा मांडला. सकाळभर काही नाही. चिवडा संपला, दुपार व्हायला आली, आणि बांधाकडेच्या चरातून झुळझुळ पाणी आलं!

"आला झरा!" संदेश ओरडला. "बरोब्बर जेवायच्या टायमाला!"

"झऱ्याला घड्याळ कळतं का रे?" प्रेरणा पुटपुटली.

श्रीयशनं ओंजळीत पाणी घेतलं आणि नाक मुरडलं. "ताई, आपल्या पोहण्याच्या क्लाससारखा वास येतोय!"

तिघे चराच्या कडेनं वर निघाले. घाणेरीच्या काटेरी जाळीत शिरले, ओरखडे काढून घेतले, आणि थबकले! नव्या रिसॉर्टच्या भिंतीखालून एक निळा पाइप आला होता आणि धो धो वाहत होता. संदेशनं भिंतीवर चढून पाहिलं. आत मुलांच्या घसरगुंडीखालचा तलाव रिकामा होत होता.

"ए पोरांनो! काय करताय?" मॅनेजर प्रज्ञेश धावत आले.

"काका, हे पाणी आमच्या भातात जातंय!"

"छे छे! ते डोंगराच्या झऱ्याचं पाणी. एकदम शुद्ध! पाइपातून तेच बाहेर सोडलंय. जा, खेळा तिकडे."

प्रेरणा भांडली नाही. "बरं काका," म्हणाली आणि चरातलं पाणी चिवड्याच्या रिकाम्या डब्यात भरून घेतलं. घरी येऊन तिनं ते स्वच्छ तांब्यात ओतलं आणि आबा, संदेश आणि श्रीयशला घेऊन थेट रिसॉर्टचं फाटक गाठलं. लोणावळ्याहून मालकीणबाई अनघाताई आल्या होत्या. त्यांच्यासमोरही प्रज्ञेशनी झऱ्याचंच गाणं गायलं.

"खरंच शुद्ध आहे ना, काका?" प्रेरणानं विचारलं.

"अगदी! बाटलीतल्या पाण्यापेक्षा भारी!"

"मग घ्या ना. उन्हात उभे आहात." तिनं तांब्या पुढे केला.

प्रज्ञेशनी तांब्या ओठांजवळ नेला. वास आला. तोंड कसनुसं झालं. "नको... मला सर्दी आहे."

"सर्दीवर तर झऱ्याचं पानी लय भारी!" संदेश म्हणाला.

अनघाताईंनी तांब्या घेऊन वास घेतला. "प्रज्ञेश, हे आपल्या तलावाचं पाणी आहे!"

"मॅडम, पाइप गटारापर्यंत न्यायचा राहून गेला," प्रज्ञेश अडखळले. "म्हटलं, शेतात गेलं तर काय बिघडलं? पिकाला पाणीच की!"

"सायेब, लावणीला पानी म्हंजी भाताची आई," आबा शांतपणे म्हणाले. "पर दाना पिकल्यावर तेच पानी त्याचा वैरी. पानी तेच. येळ बगायची असती."

प्रज्ञेशनी मान खाली घातली. अनघाताईंनी हात जोडून माफी मागितली. पाइप तिथल्या तिथे बंद झाला आणि बांध फोडून साचलेलं पाणी ओढ्याकडे काढून देण्यात आलं. उन्हानं जमीन आवळली. मग शेजारीपाजारी विळे घेऊन आले. भात कापलं, पसरलं, वाळलं. शनिवारी डोंगरामागे ढग जमले, तोवर शेवटचा भारा आबांच्या पडवीत पोचलासुद्धा!

आबा मटकन ओट्यावर बसले. कितीतरी दिवसांनी ते मोकळं हसले. "समदं आभाळावर ढकलून आमी मोकळं झालतो," ते सगळ्यांना म्हणाले. "ह्या पोरीनं मातूर जमिनीकडं बगितलं!"

बयाआजीनं प्रेरणाच्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली आणि गरम भाकरीचं ताट पुढे ठेवलं. "जेव बाय, दमलीस."

इतक्यात प्रेरणाचं लक्ष समोर गेलं. त्यांचं भात कापायला आलेल्या शेजारच्या शालनकाकू आपल्या भाताच्या खाचरात एकट्याच भारे बांधत होत्या.

"आबा, पाऊस कधी येईल?"

आबांनी आभाळ न्याहाळलं. "अजून तासभर हाय. का गं?"

प्रेरणानं ताट झाकून ठेवलं. भारे वाहायला टॉवेलला पीळ देऊन त्याची चुंबळ केली, डोक्यावर बसवली, आणि "चला रे!" अशी हाक देत ती शालनकाकूंच्या खाचराकडे पळत सुटली.