दारापुढचा उतार

कनकांबराचा गजरा, म्हणजे आपली अबोली.

नडगीवर वांग्याच्या रंगाचा डाग.

अण्णांचा उजवा गुडघा, पायरी उतरताना कुरकुरणारा.

पाण्याच्या पाइपासाठी खणलेला आडवा चर.

बोटभर लांबीची एक लोखंडी पट्टी.

तर, अहल्या. मल्लेश्वरममधल्या एका उताराच्या गल्लीत राहणारी, शाळेत गणित शिकवणारी. १९९६च्या जानेवारीत एका सकाळी तिच्या फाटकासमोर बुलेट थांबली. इथे गाडी लावू का, असं मोडक्या कन्नडमध्ये विचारता विचारता त्या तरुणाची बाही आरशात अडकली आणि तो "च्यायला" म्हणाला.

"लावा की," ती मराठीत म्हणाली.

"तुम्ही मराठी?"

"स्वल्प. तीनशे वर्षांपासून."

तो राजस. पुण्याहून आलेला, कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर कंपनीत लागलेला. बुलेट त्यानं यशवंतपूरच्या एका गॅरेजातून घेतली होती. आतला पिस्टन बदलून मोठा बसवलेला, आवाज असा की खिडकीची तावदानं थरथरावीत.

मग रोज संध्याकाळी सहाला तो गाडी न्यायला यायचा, आणि नेमकं त्याच वेळी तुळशीला पाणी घालायचं अहल्याला सुचायचं. दोन वाक्यं, तीन वाक्यं... पुढं पुढं तर तुळस बुडायची वेळ आली. निघताना तो इंजिन चालूच करायचा नाही. नुसता बसून, एकदा मागं वळून बघत, उतारावरून अलगद खाली जायचा. खालच्या पिंपळाशी पोचल्यावर मगच गाडी धडधडायची.

वडिलांच्या, अण्णांच्या, कानावर आवाज जाऊ नये म्हणून बरं का, असं अहल्यानं धाकट्या बहिणीला, स्मिताला, सांगूनही टाकलं. आणि ती रोज गजरा माळू लागली.

तिसऱ्या आठवड्यात उतारावर तो चर आला.

त्या संध्याकाळी राजसनं चराकडे पाहिलं, अहल्याकडे पाहिलं, किककडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले. त्यानं किक मारली, ती तितक्याच जोरानं उलटी आली, आणि तो नडगी धरून फाटकाशी बसला.

व्हरांड्यात अण्णांनी पेपर खाली केला.

"अरे, याला किकच येत नाही होय! म्हणून रोज आपल्या उतारावर येतोय."

स्मिता फिसकन हसली. राजसनं मान वर केली नाही.

"हो काका... उतारासाठीच."

अहल्याला केसांतला गजरा पेटल्यासारखा वाटला. तिनं तो ओढून मुठीत चुरगाळला. तुळशीचं पाणी कट्ट्यावरून वाहत पायांखाली आलं, तरी ती तशीच उभी. म्हणजे इतके दिवस आपण उतारासाठी नटत होतो.

अण्णांचा गुडघा त्यांच्या जुन्या बुलेटच्या अशाच एका उलट्या किकेत गेला होता. त्यानंतर अण्णांनी किक मारायची आणि लहानग्या अहल्यानं लिव्हर धरायची, अशी त्यांच्या घरची रीत पडली होती.

"मोठा पिस्टन पाय मोडेल त्याचा. अहल्या, लिव्हर धर."

जमीन दुभंगली असती तर ती खुशाल आत गेली असती. पण गेली ती गाडीशी. डाव्या मुठीखालची पट्टी धरून, त्याच्याकडे न बघता तिनं सांगितलं: किक हळू दाबा, जड लागली की थांबा. मी लिव्हर ओढते, कोंडलेली हवा निघून जाते. मग किक स्वल्प पुढं सरकवायची. मी लिव्हर सोडली की किक वर येऊ द्यायची, आणि मग एकच, पूर्ण.

हवा फुस्सकन निघाली.

"हां... बिडु," अण्णा म्हणाले. बिडु म्हणजे सोड. तिनं सोडली. एका किकेत गाडी चालू.

"आता उताराची गरज नाही," ती लिव्हरला म्हणाली.

"नाही," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्याही. सहाला अहल्या डोकं दुखतंय म्हणून आत पडून राहिली. स्मितानं एकदाही चिडवलं नाही, ते जास्त लागलं.

चौथ्या दिवशी गल्लीच्या वरच्या तोंडाशी, अगदी सपाट जागी, बुलेट उभी होती. बंद. अहल्या कोथिंबीर आणायला म्हणून तिथवर गेली.

"चालू होत नाही," राजस म्हणाला.

"दोन दिवस कशी झाली?"

"एका किकेत. सहाला निघतो, सहा-दहाला खोलीवर..." तो टाकीवरची धूळ बोटानं पुसत राहिला. "फार वाईट जातंय."

"गजरा मी रोजच माळते. कुणासाठी म्हणून नाही."

"आज नाही माळला."

तिचे पाय मात्र घराकडे वळेनात.

"लिव्हर धराल?"

तिनं धरली. मुठीवर त्याचा हात, मुठीखाली तिचा. किक जड लागली, तो थांबला. तिनं ओढली, हवा निघून गेली. किक पुढं सरकली. आता त्यानं बिडु म्हणायचं होतं. शब्द त्याला चांगला आठवत होता.

तो म्हणाला नाही.

राजसच्या ऑफिसमागे, कंपाउंडला लागूनच, या गल्लीच्या दुप्पट उतार होता. वॉचमन कल्लाप्पानं तो त्याला पहिल्याच दिवशी दाखवला होता.