न झाकलेला पेला

जर्मनीतल्या कोलोनमध्ये पेला कधी झाकायचा असतो, ठाऊक आहे का तुम्हाला? तिथले बियरचे पेले लहान आणि बारीक, चार घोटांत संपणारे. संपला की वाढपी न विचारता दुसरा आणून ठेवतो. पुरे झालं असेल, तर पेल्यावर पुठ्ठ्याची चकती ठेवायची. ती ठेवली नाही, तर पेले येतच राहतात.

गेसाला हे लहानपणापासून माहीत होतं, बाबांमुळे. मेपेन या गावी त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. दर नोव्हेंबरात ते मित्रांबरोबर तीन दिवस कोलोनला जात आणि परत आले की बायकोला म्हणत, "रोझविता, पुढच्या वर्षी तू आणि मी." ते पुढचं वर्ष कधी उजाडलंच नाही. या मार्चमध्ये बाबा, म्हणजे हायनर, इस्पितळात होते. रोझविता त्यांचं दाढीचं सामान आणायला तासभर घरी गेली, आणि नेमके तेवढ्यात ते गेले.

तेव्हापासून आईचं जेवण सुटलं होतं. कोट खुंटीला टांगावा तसा तिच्या अंगावर लोंबत असे. असंच चाललं तर हिवाळा निघायचा नाही, असं डॉक्टरांनी गेसाला बाजूला घेऊन सांगितलं होतं. म्हणून गेसा तिला दोन दिवसांसाठी कोलोनला घेऊन आली होती. चार गोष्टी बघेल, चार घास खाईल.

शनिवारी दोघींनी कॅथेड्रल पाहिलं. आईनं मेणबत्ती लावली. मग पुलाच्या जाळीला प्रेमी जोडप्यांनी लावलेली हजारो कुलपं बघत त्या नदी ओलांडून गेल्या आणि परत आल्या.

"तुझे बाबा म्हणाले असते, निम्मी गंजलीत. यांना तेल कोण घालणार?" आई म्हणाली, आणि कितीतरी महिन्यांनी हसली.

ऱ्हाइन नदीवरून धुकं चढत होतं. चारलाच दिवे लागले. बाबा ज्या बियरघरात बसायचे ते जुन्या गल्लीत सापडलं. भिंतीलगतच्या लांब बाकावर, कोपऱ्यातली जागा सोडून आई बसली आणि तिच्या शेजारी, बाकाच्या बाहेरच्या टोकाला, गेसा.

निळ्या एप्रनमधला म्हातारा वाढपी आला.

"आईसाठी पाणी मिळेल का?" गेसानं विचारलं.

"पाणी? ते बाहेर नदीत वाहतंय, पोरी. हवं तेवढं पी." त्यानं तीन पेले टेबलावर ठेवले. तिसरा कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेपुढे.

"आम्ही दोघीच आहोत."

"मला मोजता येतं," तो म्हणाला आणि गेला.

इथले वाढपी अशीच थट्टा करतात, म्हणून गेसानं सोडून दिलं. बटाट्याचा लगदा, सफरचंद आणि तळलेलं सॉसेज आलं. आईनं काटा हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. गेसानं पाहिलं, तिसरा पेला रिकामा होता. काचेला आतून फेसाच्या रेघा होत्या.

"तू प्यायलीस?"

"मी नाही गं," आई हळूच म्हणाली.

वाढप्यानं तो उचलून भरलेला ठेवला. थोड्या वेळानं तोही रिकामा. मग आणखी एक. आजूबाजूची माणसं हसत-बोलत होती, पण त्यांचे आवाज भिंतीपलीकडून यावेत तसे येऊ लागले. गेसाला वास आला. ओल्या लोकरीचा, आणि सायकलच्या साखळीच्या तेलाचा.

आईचा उजवा हात टेबलाखाली होता. कोणीतरी तो धरून ठेवल्यासारखा.

"आई... चल, उठूया."

"आत्ताच तर आलाय तो." आईच्या चेहऱ्यावर नव्या नवरीसारखं हसू होतं. पण ओठ निळे पडले होते. गेसानं तिच्या गालाला हात लावला. गाल दगडासारखा गार होता.

वाढपी सहावा पेला घेऊन आला, तेव्हा त्याच्या तोंडावर थट्टा नव्हती. तो वाकला. "बाई, मी आणत राहणार. माझं कामच ते आहे... पण काहींना आपला पेला झाकता येत नाही. मग सोबतच्या माणसानं झाकायचा असतो."

"झाकला की?" गेसानं विचारलं.

"मग ते उठतात."

"आणि नाही झाकला तर...?"

त्यानं आईच्या ओठांकडे पाहिलं. "मग सोबतचं माणूस उठत नाही."

तो गेला. आईनं पेल्याकडे पाहिलं. आतली बियर हळूहळू खाली जात होती.

"त्या दिवशी मी त्याला एकटं टाकून गेले, गेसा. आज परत मीच त्याला जा म्हणू?"

"त्या दिवशी तू नव्हतीस, आई. आज आहेस. आज त्यांच्याजवळ बसून त्यांना निरोप दे... आणि मला तू हवी आहेस. मला अजून तू हवी आहेस."

आईनं डाव्या हातानं चकती उचलली. "हायनर," ती म्हणाली, जेवायला हाक मारावी इतक्या साध्या आवाजात, "पुरे आता. मजा आली. खूप मजा आली रे."

तिनं पेला झाकला.

टेबलाखालचा हात सुटला आणि आईनं तो मांडीवर घेऊन चोळला. कोपऱ्यातला बाक करकरला. आई किंचित मागे रेलली, आणि गेसानंही आपण असं का करतोय हे न कळता गुडघे आखडून घेतले, कुणाला तरी बाहेर पडायला वाट द्यावी तसे. जाणाऱ्यानं तोल सावरायला गेसाच्या खांद्याचा आधार घेतला, क्षणभरच. मग दार उघडलं, धुक्याचा एक लोट आत आला, आणि दार पुन्हा लागलं.

"गार झालंय सगळं," आई ताटाकडे बघत म्हणाली आणि बटाट्याचा पहिला घास तोंडात घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात आईनं लोणी लावून दोन पाव खाल्ले आणि तिसरा मागवला. गेसा आंघोळ करून खाली आली, तेव्हा तिच्या स्वतःच्या डाव्या खांद्यावर, कपड्यांखाली, चार बोटांचे पांढरे ठसे होते, आणि गरम पाण्यानंही ती जागा ऊबदार झाली नव्हती.