अळीचं बारसं

अमुदन मला पहिल्यांदा भेटला तो तमिळनाडूतल्या वेळ्ळार नदीच्या खाडीत, गुडघाभर चिखलात. आमच्या प्रयोगशाळेत रुजू व्हायला निघाला होता आणि जवळची वाट म्हणून स्वारी गाळात शिरली होती. मी चाळणीत गाळ धूत होते. हात देऊन बाहेर काढलं, तर वर मलाच विचारतो, काही मदत हवी का...

आमच्याकडे नवा येणारा प्रत्येक जण मला ‘अक्का’ म्हणतो. हा पहिल्या दिवसापासून नुसतं नावानं ‘कयल’ म्हणायचा. मी काही त्याला टोकलं नाही.

समुद्रातल्या बारक्या केसाळ अळ्या ओळखणं हे आमचं काम. भिंगाखाली केस बघायचे, जबड्याचे दात बघायचे नि अळीचं कूळ ठरवायचं. माझी नजर तयार आहे, उगाच नम्रपणा कशाला? म्हणून मार्गळी महिन्यात, ऐन डिसेंबरात, टपोऱ्या डोळ्यांची, वल्ह्यांसारख्या चपट्या केसांची अळी जाळ्यात आली, तेव्हा मी ठरवूनच टाकलं, ही नवी प्रजाती. नव्या प्रजातीला स्वतःचं नाव द्यायची आमच्यात रीत नाही, दुसऱ्याचं देतात. मी त्याचं द्यायचं ठरवलं. मनातलं छापूनच कळू दे त्याला!

शोधनिबंध छापायला पाठवण्याआधी अळी दुसऱ्याकडून तपासून घ्यावी लागते. मी त्यालाच दिली.

तो सकाळभर भिंगावरून उठला नाही. मी त्याच्यासाठी कॉफी आणून ओट्यावर ठेवली, तीही निवली.

“कयल... रागावशील?”

“आधी ऐकू दे.”

“ही नवी नाही. आपल्या चिखलातलीच, रोजची. जोडीदार शोधायला निघाली की अशी रूप पालटते. त्याच जाळ्यातली ही दुसरी बघ, अर्धीच बदललीय.”

मी वाकून पाहिलं. तोच जबडा, तेच दात. दरवर्षी मुलांना हेच शिकवणारी मी सपशेल फसले होते. ती नवी असावी असं मला फार वाटत होतं, म्हणून. डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आलं.

“नाव काय ठेवणार होतीस?” त्यानं हळूच विचारलं.

“तुझं.”

त्याचे कान लाल झाले. “म्हणजे माझं बारसं मीच मोडलं?”

“हो. आता छापून येणार नाही, म्हणून तोंडानं सांगते. मला तू आवडतोस, अमुदन. हवं तर तपासून बघ.”

“आलो त्या दिवसापासून तेच तर करतोय,” तो म्हणाला.

मग ओट्यावर बसून ती गार कॉफी आम्ही एकाच पेल्यातून प्यायलो.