गेटवरची लाल बत्ती

“काका, यात मी फुंकून पाहू का?”

कैनातने विचारलंच! सुप्याच्या त्या कारखान्याच्या गेटवर तिच्या तोंडून शब्दही फुटणार नाही, अशी तिची मैत्रीण संस्कृती आणि भाऊ जीशान यांनी पैज लावली होती.

आत साहेबांसमोर तिचे अब्बा उभे होते. ते रात्रपाळीच्या कामगारांची बस चालवतात. काल अचानक तपासणी झाली; त्यांनी दारू ओळखणाऱ्या याच यंत्रात फुंकर मारली आणि लाल बत्ती पेटली. म्हणे, दारू प्यायलेत! अब्बा आणि दारू? नोकरी राहते की जाते, ते आज ठरणार होतं.

“पोरांचा खेळ न्हाई हा. पण फुंक,” म्हणत पहारेकरी अजिनाथकाकांनी नवी नळी लावली.

अब्बांची पिशवी कैनातकडेच होती; तिच्यातल्या पेयाच्या कॅनचा घोट गिळून तिने जोरात फुंकलं.

पींऽऽ! लाल बत्ती!

जीशान दोन पावलं मागे सरकला. “अम्मीला सांगणार नाही. अल्लाकसम.”

कैनातची नजर हातातल्या कॅनकडे गेली. झोप उडवणारं, कॅफिनवालं पेय. अब्बा रोज बसमधून उतरताना, पुढच्या फेरीआधी, हेच पितात!

“संस्कृती, तू फुंक.”

बत्ती हिरवी.

“आता एक घोट घे. परत फुंक.”

पींऽऽ!

“आई गं, मी पण बेवडी?”

दोघींनी चुळा भरल्या, पाव तास पायरीवर बसल्या आणि पुन्हा फुंकलं. दोघींचीही बत्ती हिरवी.

अजिनाथकाकांचा चेहरा पडला. “कॅफिनचा दोष न्हाई पोरी. काही कॅनात वासासाठी अर्क घालतात, त्यात थेंबभर अल्कोहोल असतं. ते तोंडात रेंगाळतं. पाव तास थांबवूनच फुंकायला लावायचं असतं. गर्दीत आमी थांबत न्हाई.”

ते स्वतः आत गेले. साहेब बाहेर आले, सगळं पुन्हा करून बघितलं आणि अब्बांचा हात हातात घेतला. “माफ करा, कमरुद्दीनभाई. आमची चूक तुमच्या लेकीनं पकडली.”

घरी अम्मीने वेगळंच विचारलं. “पण असलं पिताच कशाला?”

“दिवसा झोप होत नाही,” अब्बा हळूच म्हणाले. “पोरांना सुट्टी लागलीय ना. खिडकीखाली क्रिकेट चालतं.”

सगळ्यात मोठा आरडाओरडा कैनातचाच असायचा.

“अब्बा, अम्मी, ऐका. उद्यापासून आमचे स्टंप शाळेच्या मैदानावर. आणि कॅन बंद.”