ओढ्यातला परका दगड

धोंडीबाईने फडक्यात गुंडाळलेला दगड टेबलावर ठेवला. खाजगी तपास करणाऱ्या संजीवनी भोईरच्या मुरबाडच्या छोट्या कचेरीत तो पंख्याखाली पडून राहिला.

"ह्याच्यावर माझ्या जीवनचं डोकं होतं," म्हातारी म्हणाली. "पोलीस म्हणतात, कातळावरून घसरला. तुमी बघा."

जीवन तिचा धाकटा मुलगा. वैशाखरेजवळच्या डोंगरावरची दगडखाण बंद व्हावी म्हणून त्याने तक्रार केली होती. आठवड्यातच तो ओढ्यात मेलेला सापडला.

संजीवनीने दगड खिडकीशी नेला. तांबूस, थराथराचा. एक बाजू घासून खोलगट झालेली. तुटलेल्या कडेवरून बोट फिरवताच वाळूचे कण गळाले. सोबतचा सुनिल, निवृत्त हवालदार, म्हणाला, दगड तो दगड.

दोघं ओढ्यावर गेली, तिथे मात्र सगळा काळा कातळ होता, बारीक भोकांचा. संजीवनीने त्याचाही एक तुकडा उचलला.

खाणीचा मुकादम रितेश चिडलेलाच होता. जीवन गेला त्या दिवशी तो सकाळपासून क्रशरवर होता, आणि दहा मजूर ते सांगत होते. जीवनचा थोरला भाऊ काळूराम त्याच्याच खाणीत डंपर चालवायचा. तो मात्र त्या दिवशी दुपारनंतर आला, असं रितेश सहज बोलून गेला.

काळूराम वेगळा राहायचा. आपण सकाळीच खाणीवर गेलो, भावाची बातमी तिथेच कळली, असं त्याने सांगितलं. त्याची बायको जया बोथट विळीवर सुरण चिरत होती. धारेचा दगड नवऱ्याने कोयत्यासोबत नेला तो परत आणलाच नाही, म्हणून ती कुरकुरली.

दुसऱ्या दिवशी संजीवनीने धोंडीबाईला काळूरामच्या ओट्यावर बोलावलं आणि दोन्ही दगड शेजारी ठेवले.

"हा काळा ओढ्यातला. तापलेला रस थिजून झालेला. ही भोकं वाफेच्या बुडबुड्यांची. आपला अख्खा डोंगर असाच. हा तांबडा मात्र वाळूचे थर दाबून झालेला. असा दगड इथे नाही, म्हणजे तो कुणीतरी ओढ्यावर नेला. वाळूच्या दगडावर लोखंड घासतात, आणि धार लावूनच तो असा खोलगट होतो. धारेला पाणी लागतं, म्हणून ओढा." ती जयाकडे वळली. "यांनी दगड नेला तो कुठला दिवस?"

जयाने पदर तोंडाशी धरला. "भाऊजी गेले तोच."

"आणि त्या दिवशी हे दुपारनंतर खाणीवर पोहोचले. काल मला सकाळ सांगितली."

काळूराम ओट्याच्या कडेवर बसला. मग म्हणाला, "तक्रार मागं घे म्हणून पाया पडलो त्याच्या. खाण बंद झाली तर पोरांना काय घालू? तो हसला. माझ्या हातात दगड होता."

सुनिल फोन करायला अंगणात गेला. संजीवनी धोंडीबाईजवळ बसली. म्हातारी रडत नव्हती.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"म्हशाच्या जत्रेतून मीच आणलेला तो. वळखला होता." धोंडीबाईने मान खाली घातली. "शिकलेली बाई म्हणेल, थोरल्याचा हात नाय ह्यात, असं वाटलेलं."

पोलिसांची गाडी काळूरामला घेऊन गेली. डोंगरावर सुरुंगाचा आवाज झाला. खाण चालूच होती. जया उठेना, तेव्हा धोंडीबाई आत गेली आणि तिच्या पोरांसाठी तांदूळ धुऊ लागली.